घरचं घरात ठेवणारा फोन कोणता?

ओळखीत कुणाचा फोन म्हातारा झाला की प्रश्न माझ्याकडे येतो: "माहिती बाहेर पाठवणार नाही आणि जागाही भरपूर असेल, असा एखादा फोन सांग ना." विचारणाऱ्याला एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी मात्र आधी विचारते की तुमचे फोटो आत्ता कुठे आहेत? उत्तर येतं, "फोनमध्येच की." मग एअरप्लेन मोड लावून तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो उघडायला सांगते. पुष्कळदा एक धूसर चित्र येतं आणि त्याच्यावर चकली फिरत राहते. फोटो फोनमध्ये नसतोच.

तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस सांगते.

जागा ही एक गोष्ट आणि खासगीपणा ही दुसरी, असं धरून लोक विचारतात. मला त्या दोन्ही एकच वाटतात. फोन भरला की माणूस 'जागा मोकळी करा' असं सुचवणारं बटण दाबतो. मूळ फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर राहतात आणि आपल्याकडे उरतो त्यांचा पुसटसा ठसा. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, पण तोवर सवय हाडीमाशी खिळली होती. ज्याच्या फोनमध्ये जागा आहे त्याला निदान नाही म्हणता येतं.

आता कार्डाचं. "कमी जीबीचा घेते, वर मेमरी कार्ड टाकते" हा हिशेब मीही वर्षानुवर्षं केला आणि त्यात दोनदा तोंडघशी पडले.

पहिल्यांदा फोन दुरुस्तीला द्यायचा होता. शहाणपणा करून कार्ड काढून पाकिटात ठेवलं. नखाएवढी वस्तू ती, कुठे निसटली कळलंही नाही. फोनला पिन होता, बोटाचा ठसा होता, सगळा बंदोबस्त होता. कार्डाला काहीच नव्हतं. ओळखपत्रांचे स्कॅन, घरच्यांचे फोटो, कागदपत्रं, सगळं उघडं. ज्याला सापडलं असेल त्याने नुसतं कार्ड रीडरमध्ये घालायचं होतं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, नव्या फोनची आतली मेमरी एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी, असणं बंधनकारक आहे. वरून टाकलेलं कार्ड मात्र सहसा साध्या फाइल सिस्टिमवर, कुणालाही वाचता येईल असंच असतं. हे मला कार्ड हरवल्यावर समजलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, एक सोय आली होती: कार्डाला फोनच्या आतल्या मेमरीचा भाग करून टाकायचं. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याची चावी फोनमध्ये राहते. मी खूश. काही महिन्यांनी फोनचा बोर्ड गेला. कार्ड धडधाकट हातात होतं आणि जगातल्या कुठल्याही यंत्राला ते वाचता येत नव्हतं, कारण चावी मेलेल्या फोनच्या पोटात. कुलूप उत्तम होतं, एवढं मान्य करावं लागलं.

शिवाय कार्ड संथ असतं. फोनमध्ये सर्रास चालणाऱ्या यूएचएस-१ कार्डांची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. यूएफएस ३.१ प्रकारची आतली मेमरी सेकंदाला २,००० एमबीच्या आसपास वाचते. गाणी आणि सिनेमे ठेवायला कार्ड पुरतं, ॲप त्यावर हलवली की रडत चालतात. आणि खोटी कार्डं ही वेगळीच जमात आहे. वर १ टीबी छापलेलं असतं, आत त्याच्या पासंगालाही न पुरणारी चिप, आणि कार्डाचा कारभार बघणारा कंट्रोलर फोनला बिनदिक्कत खोटा आकडा सांगतो. भरत जाता, सगळं सुरळीत दिसतं, आणि जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जात असतात. कार्ड घेतलंतच तर पहिल्याच दिवशी ते काठोकाठ भरून परत वाचून बघा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री ही साधनं नेमकं हेच करतात.

म्हणून माझं उत्तर असं: स्लॉट विसरा आणि आतली मेमरी पहिल्याच दिवशी जमेल तेवढी मोठी घ्या, ती नंतर वाढवता येत नाही. तसंही चांगल्या फोनांतून स्लॉट जवळजवळ गेलाच आहे. आयफोनला तो कधीच नव्हता आणि सॅमसंगने २०२१ च्या एस-२१ पासून एस मालिकेतून काढला.

किती घ्यायची हे तुम्ही काय साठवता त्यावर आहे. फोर-के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमने काढलात तर आयफोनवर एका मिनिटाला सुमारे ४०० एमबी जातात. कुणाचं दहा मिनिटांचं भाषण टिपलं की ४ जीबी गेले. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपवर उतरवला तर एकटाच १०० जीबीच्या वर जातो. (मी उतरवला आहे. आपण काय वाचलं याची नोंद कुठेच होत नाही, याचं सुख वापरल्याशिवाय कळायचं नाही.) ऑरगॅनिक मॅप्ससारखे ऑफलाइन नकाशे त्यामानाने किरकोळ जागा खातात. व्हिडिओचा नाद नसेल तर २५६ जीबीत भागतं, असेल तर ५१२ च्या खाली जाऊ नका. आणि एखादा दशांश भाग मोकळा ठेवा, गच्च भरलेली फ्लॅश मेमरी मंदावते.

आता 'माहिती बाहेर न जाणं'. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजून पाहिलं, तर नुसता पडून असलेला फोनसुद्धा, आयफोन असो की गूगलचा अँड्रॉइड, सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीला काही ना काही कळवत होता. त्याच वर्षीच्या पुढच्या अभ्यासात सॅमसंग, शाओमी, हुआवे, रिअलमी यांचे फोन तपासले गेले. तिथे आधीच बसवून दिलेल्या तिसऱ्याच कंपन्यांच्या ॲपकडेही माहिती जात होती. तपासलेल्यांत ठळक अपवाद एकच निघाला, ई-ओएस ही फेअरफोन या कंपनीच्या फोनवर मिळणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). म्हणजे ब्रँड बदलून फारसं साधत नाही, फोनमधली प्रणाली बदलावी लागते.

माझी पसंती ग्राफीन-ओएस या अँड्रॉइडवरच बेतलेल्या प्रणालीला. मी हे लिहितेय तोवर तरी ती गूगलच्या पिक्सेल फोनवरच टाकता येते. गूगलपासून लांब जायला गूगलचाच फोन, हे ऐकून लोक हसतात. पण पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम, उघडून, दुसरी प्रणाली टाकून, तिच्याच किल्लीने पुन्हा बंद करता येतो आणि आत वेगळी सुरक्षा चिप असते. इतर बहुतेक फोनांत हे जमत नाही. एक खबरदारी घ्या, मोबाइल कंपनीच्या करारावर मिळणाऱ्या काही पिक्सेलचा बूटलोडर उघडतच नाही. सुटा, करारमुक्त फोन घ्या.

या प्रणालीतल्या दोन गोष्टींसाठी मी बाकी सगळं सोसते. एक म्हणजे प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं. माझा कीबोर्ड आणि गॅलरी यांना नेटच नाही, मग ते पाठवतील काय आणि कुठे? दुसरी स्टोरेज स्कोप्स. "सगळ्या फाइली बघू दे" म्हणून अडून बसणाऱ्या ॲपला वाटतं परवानगी मिळाली, पण दिसतं तेवढंच जेवढं मी दाखवते. हट्टी पाहुण्याला ओसरीवरच चहा देऊन वाटेला लावावं तसं. कुलूपबंद फोन १८ तास कुणी उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होतो आणि त्यातल्या चाव्या मेमरीतून पुसल्या जातात, हेही बरं.

सोसायचं काय, तर बँकांची काही ॲप बदललेल्या प्रणालीवर चालायला नकार देतात. फोन घेण्याआधी तुमचं ॲप चालतं का याची चौकशी करा, नाहीतर घरातला जुना फोन त्या एका कामासाठी ठेवा.

हे सगळं झेपणार नाही असं वाटत असेल तर मोठ्या मेमरीचा आयफोन घ्या, त्यात कमीपणा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेलं ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू केलं की आयक्लाउडमधले, म्हणजे ॲपलच्या सर्व्हरवरचे, फोटो आणि बॅकअप ॲपललाही उघडता येत नाहीत. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी मागणीनंतर ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांना ही सोय मिळणं बंद झालं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं कुलूप कधी काढलं जाईल हे आपल्या हाती नसतं.

फोन कुठलाही घ्या, अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी बघा. पिक्सेल ८ पासून सात वर्षं, फेअरफोन ५ ला आठ. अपडेट थांबलेल्या फोनमध्ये हजार जीबी असले तरी मी त्यात काही ठेवणार नाही.

राहता राहिला बॅकअप. क्लाउड नको म्हटलंत की हे काम तुमच्या गळ्यात पडलं. फोन पाण्यात पडला तर सगळं गेलं, आणि मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही. एक बाहेरची डिस्क घ्या, ती एन्क्रिप्ट करा आणि केबलने जोडा. केबलपेक्षा फोनच्या पोर्टचा वेग तपासा. साध्या आयफोन १५ आणि १६ चा यूएसबी-सी पोर्ट दिसतो नवा, पण चालतो जुन्या यूएसबी २ च्या वेगाने. त्यातून २०० जीबी हलवायचे म्हणजे दीड तासाची निश्चिंती.

मी रविवारी सकाळी डिस्क जोडते आणि आंघोळीला जाते. दुसरी डिस्क बहिणीकडे असते, भेट झाली की अदलाबदल करतो. दोन्हींचा पासवर्ड एका कागदावर लिहिलेला आहे आणि तो कागद कुठे आहे हे तिलाही माहीत आहे. कार्ड धडधाकट आणि चावी मेलेली, हा प्रकार पुन्हा नको.