आकडा खाली येईना
“ओ साहेब, परत उडालं बघा!” मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवरून दिवाणजींचा फोन. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधला जुना प्रोग्रॅम, आता दूरच्या सर्व्हरवर चालतो, दुकानात त्याचा पडदा रिमोट डेस्कटॉपनं दिसतो. कधी पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाचा कागद, छापताना बंद पडायचा, कधी नुसती विंडो सरकवली तरी. आठवडाभर मी इंटरनेटवर संशय घेतला. पण लाइन तुटली तरी सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालूच राहतो.

शेवटी दिवाणजींच्या शेजारी जाऊन बसलो. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना उघडला. म्हणजे विंडो, अक्षरं काढायला प्रोग्रॅम विंडोजकडून घेतो ती फॉन्टसारखी साधनं. त्यांनी पट्टी पाहिली, आकडा चारनं वाढला. पट्टी बंद केली, आकडा तिथंच. विंडोजमध्ये एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, अशी १०,००० ऑब्जेक्ट्स मिळतात, मग पडद्यावर काही काढताच येत नाही. पूर्वी दुकानातला कॉम्प्युटर रोज रात्री बंद व्हायचा, म्हणून हे दबून राहिलं. आता दिवाणजी लॉगऑफ न करता रिमोट डेस्कटॉपची विंडो मिटून घरी जातात. कालचा आकडा आज पुढं चालू.

कोडमध्ये आडव्या शिक्क्यासाठी दर वेळी नवे फॉन्ट बनत होते, सोडले जात नव्हते. आधी जुना फॉन्ट परत लावायचा, मग नवा डिलीट करायचा, एवढंच घातलं. काल दिवसभर पट्ट्या निघाल्या. आकडा २१२ वरून हलला नाही.