नाव माहीत नसलेला बेपत्ता माणूस आणि त्याच्या मागावरचे हौशी

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं. सिॲटल ते पोर्टलंड या पट्ट्यात त्याच सुमारास दरवर्षी एका बेपत्ता माणसाचा, १९७१ मध्ये विमान पळवून खंडणीसह त्यातून उडी मारलेल्याचा, विषय नव्याने निघतो. तिकिटावर त्यानं ‘डॅन कूपर’ असं नाव लिहिलं होतं. एका बातमीदाराच्या गोंधळामुळे ते ‘डी. बी. कूपर’ झालं आणि तसंच चिकटलं. खरं नाव अजून कुणालाही ठाऊक नाही. भारतात या प्रकरणाची फार तर एखादी ओझरती चित्रफीत पाहिली जाते. इकडे मात्र त्याच्यावर आयुष्य घातलेली माणसं आहेत. निवृत्त इंजिनिअर आहेत, वैमानिक आहेत, एक जीवाश्मतज्ज्ञही आहे.

घटना थोडक्यात अशी. २४ नोव्हेंबर १९७१, बुधवार. पोर्टलंडहून सिॲटलला जाणारं नॉर्थवेस्ट ओरिएंटचं ३०५ क्रमांकाचं विमान, बोईंग ७२७. चाळिशीतल्या, सूट-टाय घातलेल्या एका माणसानं रोख पैसे देऊन एकेरी तिकीट काढलं. ओळखपत्र कुणी मागितलं नाही आणि बॅगही कुणी उघडली नाही. सरसकट तपासणी इकडे जानेवारी १९७३ पासून सुरू झाली. विमान उडाल्यावर त्यानं एअर होस्टेसला चिठ्ठी दिली आणि ब्रीफकेसमधल्या लाल नळकांड्या, तारा नि बॅटरी दाखवल्या. मागणी होती दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिॲटलला पैसे आणि पॅराशूट आले, ३६ प्रवासी सुटले. विमान पुन्हा उडालं ते इंधनासाठी रीनोमार्गे मेक्सिकोच्या दिशेनं. त्याच्या अटी नेमक्या होत्या: उंची १०,००० फुटांच्या आत, चाकं खाली, पंखांच्या मागच्या झडपा म्हणजे फ्लॅप १५ अंशांवर. रीनोला विमान उतरलं तेव्हा शेपटीखालचा जिना उघडा होता आणि तो आत नव्हता.

हौशी मंडळी दोन तऱ्हांची असतात. पहिली तऱ्हा माणसापासून सुरुवात करते: ‘आमचे काका पॅराट्रूपर होते, १९७२ मध्ये अचानक घर घेतलं, चेहरा रेखाचित्रासारखा.’ मग मिळेल तो पुरावा काकांच्या अंगावर बेतला जातो. दुसरी तऱ्हा वस्तूपासून सुरुवात करते. नोटा, टाय, नदी, विमानाचा वेग यांपैकी काहीतरी पकडायचं आणि ते नेईल तिथवरच जायचं. पन्नासहून अधिक वर्षांत उपयोगी पडेल असं जे काही हौशींकडून आलं, ते जवळपास सगळं दुसऱ्या तऱ्हेकडून आलं. खपाऊ पुस्तकं आणि माहितीपट मात्र पहिल्या तऱ्हेवर चालतात. त्यात एक कायद्याची गंमतही आहे. अमेरिकेत मृत माणसाच्या बदनामीचा दावा चालत नाही, आणि पुस्तकांतले ‘खरे कूपर’ बहुतेक करून मेलेलेच असतात.

वस्तूपासून सुरुवात म्हणजे काय ते उडीच्या जागेवरून नीट कळतं. रात्री आठच्या सुमारास कॉकपिटमध्ये जिन्याचा दिवा लागला. त्यानंतर ८ वाजून १३ मिनिटांच्या आसपास शेपूट हलल्याचं आणि विमान पुन्हा सरळ करावं लागल्याचं चालकांना जाणवलं. पुढे एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेनं तेच विमान हवेत नेलं आणि उघड्या जिन्यावरून २०० पौंडांचं ओझं ढकललं, तेव्हा तसाच हेलकावा मिळाला. म्हणून उडीची वेळ ८:१३ धरतात. पण विमानाचा वेग सुमारे १७० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३१५ किलोमीटर होता. एका मिनिटाला पाच किलोमीटरहून जास्त. घड्याळ दोन मिनिटांनी इकडेतिकडे झालं तर जागा दहा किलोमीटरनं सरकते.

त्यावर वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. गोल पॅराशूट सेकंदाला पाच-सहा मीटर खाली येतं. १०,००० फूट म्हणजे तीन हजार मीटर. उडी मारताक्षणी पॅराशूट उघडलं तर जमीन गाठायला नऊ-दहा मिनिटं लागतील. वारा ताशी ५० किलोमीटरचा धरला तर तेवढ्यात माणूस सात-आठ किलोमीटर वाहून जाईल. उलट पॅराशूट उघडलंच नाही, तर एका मिनिटात तो खाली असेल आणि वाऱ्याचा फरक त्या मानानं फारच थोडा पडेल. म्हणजे तो वाचला की मेला, यावरच शोधाची जागा ठरते. हौशी नकाशे बघताना आधी हे तपासावं: मिनिट कोणतं धरलंय, वारा कुठल्या उंचीवरचा घेतलाय, पॅराशूट कधी उघडलं असं मानलंय. या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो नकाशा म्हणजे रंगीत चित्र.

सुरुवातीचा शोध वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिणेकडच्या एरियल गाव, मर्विन तलाव आणि लुइस नदीच्या परिसरात झाला. १९७२ च्या वसंतात फोर्ट लुइस या लष्करी तळावरच्या सुमारे दोनशे सैनिकांनी मार्चमध्ये १८ दिवस आणि एप्रिलमध्ये १८ दिवस तो भाग विंचरला. काही मिळालं नाही. डग्लस फरची दाट झाडी, ओढे, उतार आणि सततचा पाऊस. नकाशावर कोरा हिरवा दिसणारा हा भाग पायाखाली अगदी वेगळा आहे.

मग १० फेब्रुवारी १९८० ला कोलंबिया नदीकाठी टेना बार या वाळूच्या पट्ट्यावर आठ वर्षांच्या एका मुलाला वाळूत नोटांची तीन पुडकी सापडली. हे ठिकाण वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर शहराच्या खाली, नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं साधारण १४ किलोमीटरवर आहे. दोन पुडकी शंभराची, एक नव्वद नोटांचं. वीस डॉलरच्या २९० नोटा म्हणजे ५,८०० डॉलर. रबरबँड जागच्या जागी होते आणि नोटांचा क्रमही कूपरला देताना होता तोच होता.

इथे आधीच्या तर्काला मोठा धक्का बसला. लुइस नदी कोलंबियाला मिळते ती टेना बारच्या खालच्या अंगाला. लुइस नदीत पडलेले पैसे आपोआप टेना बारला पोहोचूच शकत नाहीत. त्यासाठी पाणी उलटं वाहायला हवं. म्हणून काहींनी उडीची जागा पूर्वेला, वाशुगल नदीच्या खोऱ्याकडे सरकवली, कारण ती नदी टेना बारच्या वरच्या अंगाला कोलंबियाला मिळते. कागदावर हे छान बसतं. अडचण अशी की त्यासाठी विमानाचा मार्गही पूर्वेला सरकवावा लागतो. एक पुरावा जुळवण्यासाठी दुसरा वाकवायचा, हा या प्रकरणातला नेहमीचा रोग. त्यामुळे हौशींमध्ये ‘पश्चिमेचा मार्ग’ आणि ‘पूर्वेचा मार्ग’ असे सरळ तट पडले आहेत.

नोटा वाळूत कधी आल्या, यावर तर आणखीच कडाक्याचा वाद आहे. १९७४ मध्ये नदीचा गाळ उपसून त्या किनाऱ्यावर टाकला होता. १९८० मध्ये खड्डा तपासणाऱ्या भूगर्भतज्ज्ञानं सांगितलं की नोटा त्या गाळाच्या थराच्या वर होत्या, म्हणजे १९७४ नंतर आल्या. पण रबरबँड उघड्यावर लवकर कडक होऊन तुटतात. तीन वर्षांहून अधिक काळ नदीत गडगडत आलेली पुडकी एकत्र, क्रमानं, रबरासकट कशी राहतील? एक तर पैसे मधल्या काळात पिशवीत किंवा बंद जागी होते, नाहीतर त्या थराचा अर्थ चुकीचा लावला गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून मांडलेली उपपत्ती दिसली की तिथेच थांबावं.

२०२० मध्ये यात एक नवी भर पडली. टॉम के या जीवाश्मतज्ज्ञानं नोटांवरचे डायटम, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाची काचेसारखी कवचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यात ॲस्टेरिओनेला हा प्रकार मिळाला. तो कोलंबियात वसंतात फोफावतो, नोव्हेंबरच्या थंडीत नाही. म्हणजे नोटा २४ नोव्हेंबरच्या रात्री थेट नदीत पडून वाळूत गाडल्या गेल्या, हे जुळत नाही. त्या निदान काही महिन्यांनी पाण्यात आल्या. काम ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापून आलं. पण त्यातून ऋतू कळतो, वर्ष नाही. ‘डायटमनी सिद्ध केलं की कूपर जिवंत राहिला आणि त्यानंच पैसे पुरले’ असं कुणी म्हणालं तर तो अभ्यासाच्या चार पावलं पुढे धावतोय.

याच के यांचा गट २००९ पासून टायवरही काम करत होता. तेव्हा तपास सांभाळणाऱ्या एफबीआय अधिकाऱ्यानं बाहेरच्या लोकांना पुरावा पाहू दिला, हे विशेषच. काळा, क्लिपनं अडकवायचा जे. सी. पेनी या दुकानसाखळीचा टाय कूपर आसनावर सोडून गेला होता. कापडावर चिकटपट्टी दाबून कण उचलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली मूलद्रव्यं मोजायची, अशी पद्धत. त्यात शुद्ध टायटेनियम सापडलं. १९७१ मध्ये ते सहज भेटणारं नव्हतं. धातूच्या किंवा रसायनाच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या अंगावर ते असू शकतं. इथून हौशींची उडी सरळ बोईंगवर जाते, कारण बोईंगचा स्वनातीत विमानाचा प्रकल्प १९७१ मध्येच बंद पडला, सिॲटलमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि राग असलेला इंजिनिअर कथेत फार शोभतो. पण विमानाच्या सांगाड्याला वापरतात ते टायटेनियम सहसा मिश्रधातूचं असतं. टायवरचं शुद्ध होतं. शिवाय तो टाय त्यानं जुना विकत घेतला असेल तर कण आधीच्या मालकाचे. पुढे तीस-चाळीस वर्षं तो पुराव्याच्या खोलीत किती हातांतून गेला, बोटांचे ठसे घेण्याची भुकटी त्यावर किती उडाली, हेही धरायला हवं. टायवरचा डीएनए अर्धवट आहे आणि एकाहून जास्त माणसांचा आहे. त्यानं ओढलेल्या रॅले सिगारेटची आठ थोटकं विमानात मिळाली होती. त्यांच्यावरून आज बरंच कळलं असतं, पण ती हरवली.

‘तो उडीत मेलाच असणार’ या गटाचा आवडता मुद्दा पॅराशूटचा. चारांपैकी एक राखीव पॅराशूट शिकवण्यासाठीचं, शिवून बंद केलेलं होतं. घाईत ते चुकून पाठवलं गेलं आणि नेमकं तेच विमानातून गायब आहे. म्हणजे त्याला यातलं काही कळत नव्हतं, असा निष्कर्ष काढतात. पण दुसऱ्या, चांगल्या राखीव पॅराशूटच्या दोऱ्या त्यानं कापल्या होत्या. दहा हजार नोटा, एका नोटेचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे दहा किलोची पिशवी अंगाला बांधायला दोऱ्या हव्याच होत्या. पाठीवरचं मुख्य पॅराशूट चालू स्थितीतलं होतं. १९७२ मध्ये याच पद्धतीनं ७२७ मधून उड्या मारणारे नकलाकार जमिनीवर जिवंत पोहोचले. त्यातल्या एकानं युटामध्ये पाच लाख डॉलर घेऊन उडी मारली आणि नंतर घरी पकडला गेला. साधा सूट, पाऊस, अंधार आणि जंगल हे सगळं खरं असलं तरी ‘नक्की मेला’ म्हणायला तेवढं पुरत नाही.

कबुलीजबाबांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९९५ मध्ये एकानं मरणाच्या दारात बायकोला ‘मीच डॅन कूपर’ असं सांगितलं. बोटांचे ठसे जुळले नाहीत. असे बरेच झाले.

ज्यांना स्वतः शोधायचं आहे त्यांनी एफबीआयच्या ‘व्हॉल्ट’ या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. माहिती अधिकाराखाली या प्रकरणाची हजारो पानं तिथे टप्प्याटप्प्यानं येतात. वाचताना तारीख बघावी. २४ आणि २५ नोव्हेंबर १९७१ च्या जबान्या एका बाजूला आणि दहा-वीस वर्षांनंतरच्या मुलाखती दुसऱ्या बाजूला ठेवाव्यात. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, पण मधल्या काळात त्यांनीही बातम्या पाहिलेल्या असतात. जबान्या अधिकाऱ्यानं ऐकून आपल्या शब्दांत लिहिलेल्या आहेत, म्हणून त्यातला एखादा शब्द धरून त्यावर इमारत बांधू नये. काळ्या पट्टीखाली झाकलेल्या नावाच्या जागी अक्षरं मोजून नाव बसवणं हा अनेकांचा छंद आहे. त्यातून निरपराध माणसांच्या मुलाबाळांना फोन गेले आहेत. रेखाचित्राशी चेहरा जुळवणं तर सोडूनच द्यावं. दोन अधिकृत चित्रं आहेत आणि ती एकमेकांशीच फारशी जुळत नाहीत.

एफबीआयनं जुलै २०१६ मध्ये सक्रिय तपास थांबवला. पॅराशूट किंवा खंडणीच्या नोटा प्रत्यक्ष हातात आल्या तर जवळच्या कार्यालयात द्याव्यात, एवढं दार त्यांनी उघडं ठेवलं. १९७६ मध्ये पोर्टलंडच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, नाव न कळलेल्या या माणसावर आरोपपत्र दाखल केलं होतं, त्यामुळे खटला भरण्याची मुदत संपून तो सुटला असंही नाही.

उरलेल्या ९,७१० नोटांपैकी एकही कधी चलनात सापडलेली नाही. त्यांचे क्रमांक उघड आहेत आणि जुन्या नोटा जमवणारे लोक आजही ते पडताळतात. वीस डॉलरची नोट घ्यायची. मालिका १९६३ए किंवा १९६९ असेल आणि क्रमांक ‘एल’ या अक्षरानं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या खुणेनं सुरू होत असेल तरच पुढे जायचं. बहुतेक नोटा त्यातल्या होत्या. मग पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, यादीशी ताडायचा. एक आकडा चुकला तरी ती नोट फक्त वीस डॉलरची.