माडावरची गिधाडं मोजताना

आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं मोजून फारसं हाती लागत नाही. सकाळी म्हसळ्यावर दिसलेला थवा दुपारी श्रीवर्धनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असू शकतो, आणि दोन गावांत बसलेले दोघे तोच थवा दोनदा लिहून मोकळे होतात. घरटं जागचं हलत नाही. म्हणून मोजायचं ते घरटं, आणि तेही हंगामात तीनदा.

कोकणात झाडावर घरटं करणारं गिधाड म्हणजे पांढऱ्या पाठीचं. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत बसतं, त्याची मोजणी वेगळी. पांढऱ्या पाठीचं आंबा, ऐन, बेहडा अशा उंच झाडांवर आणि किनाऱ्याकडे माडाच्या शेंड्यातही घरटं बांधतं. उडताना खालून पाहिलं तर पंखाच्या पुढच्या भागातलं पांढरं अस्तर आणि मागची काळी पिसं ही खूण पक्की. बसलेलं असताना पाठीवरचा पांढरा पट्टा पंखाखाली झाकला जातो, तेव्हा त्यावर विसंबू नका. पहिल्या काही वर्षांचं पिल्लू तपकिरी असतं आणि त्याच्या पाठीवर पांढरं नसतं. त्यामुळे ते लांब चोचीचं समजून वहीत चुकीच्या रकान्यात जातं.

सामान थोडंच लागतं. ८×४२ची दुर्बीण, एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची, लांबचं पाहायची एकनळी दुर्बीण), जीपीएस आणि वही. झाडाला खिळा ठोकून नंबर लावू नका. बागायतदाराचा माड आहे तो, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला त्याच वाडीत शिरायचं आहे. जीपीएसचा आकडा, वाडीच्या मालकाचं नाव आणि "विहिरीपासून तिसरा माड" अशी खूण लिहिली की पुरे. दाट वाडीत जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे जातो आणि तेवढ्या अंतरात दोन माड असतात.

पहिली फेरी नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य. दुसरी जानेवारीचा उत्तरार्ध. तिसरी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. अंडं एकच असतं आणि ते बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतं. उबवायला साधारण पन्नास दिवस लागतात, नर-मादी दोघंही पाळीनं बसतात. पिल्लू पुढे तीन महिन्यांहून जास्त घरट्यात राहतं. म्हणजे या तीन फेऱ्यांत अंडं, लहान पिल्लू आणि उडायला आलेलं पिल्लू अशा तिन्ही अवस्था सापडतात.

माडाची खरी अडचण ही की खालून घरट्यातलं काही दिसत नाही. झावळ्यांच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग दिसतो, एवढंच. कोकणात एक सोय मात्र आहे. गाव बहुतेक डोंगराच्या पायथ्याशी असतं, त्यामुळे मागच्या उतारावर किंवा सड्यावर चढलं की शेंडा नजरेच्या पातळीत येतो. स्कोप तिथे लावा, झाडापासून शंभर मीटरच्या आत जाऊ नका आणि दहा मिनिटांत निघून येऊ नका. पाळी बदलण्याची वेळ गाठायची तर दोन-तीन तास बसावं लागतं. पक्षी घरट्यात चापट बसलेला असेल तर बहुतेक अंडं किंवा अगदी कोवळं पिल्लू. उंच बसून पंख अर्धवट पसरून सावली धरत असेल तर पिल्लू. घरट्यात ताजा हिरवा पाला दिसला तर जोडी कामाला लागलेली आहे, बसलेलं कुणी नसलं तरी. झाडाखाली पांढऱ्या शिटेचा सडा ही चांगली खूण, पण तेवढ्यावरून घरटं चालू आहे असं लिहू नका. नुसती रात्रीची वस्तीही तशीच शीट टाकते. आणि काटक्यांचा मोठा ढीग म्हणजे गिधाडाचंच घरटं असंही नाही. समुद्री गरुडही किनाऱ्यालगत उंच झाडावर भलंमोठं घरटं करतो आणि ते वर्षानुवर्षं वापरतो.

आता हिशेब. इथे सगळ्यात मोठी चूक होते. समजा एका गावात डिसेंबरात १६ घरटी चालू होती आणि मार्चअखेर त्यातल्या ९ घरट्यांत पूर्ण पिसं आलेलं पिल्लू दिसलं. यश ९ भागिले १६, म्हणजे ५६ टक्के. पण पहिली फेरी आळसानं जानेवारीत केली आणि तोवर ४ घरटी मोडून गेली असतील, तर हाती लागतात १२, आणि यश दिसतं ७५ टक्के. पक्षी तेच, वर्ष तेच. उशिरा सुरू झालेली मोजणी नेहमी गोड आकडा देते, म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना पहिल्या फेरीची तारीख आधी पाहावी.

रिकामं घरटं नुसतं "रिकामं" म्हणून लिहू नये. "झाड आहे, घरटं आहे, पक्षी नाही", "झाड आहे, घरटं पडलं", "झाडच गेलं" हे तीन वेगळे रकाने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आलं आणि त्यानं माड-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. त्यानंतर घरटी कमी भरली तर गिधाडं मेली की झाडं पडली, हे जुन्या वहीत झाडांची नोंद असेल तरच कळतं. सुकलेली झावळ घरट्यासकट खाली येते, हाही नेहमीचा प्रकार. दुसरा प्रकार नारळ काढण्याचा. पाडेली शेजारच्या माडावर चढला की पक्षी उठतो आणि अंडं उन्हात उघडं पडतं. डिसेंबर ते मार्च घरट्याचा माड आणि त्याला लागून असलेले माड सोडून द्यायला मालकाला सांगता येतं. पण शिटेनं झावळ्या जळतात आणि त्या माडाचं उत्पन्न बुडतं, हे त्याचं म्हणणं खरं असतं. त्याची भरपाई कोण देणार हे ठरवल्याशिवाय विनंती करणं बरं नव्हे.

घरट्यांबरोबर मेलेल्या ढोरांची नोंदही ठेवा. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली, त्याचं कारण ढोरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेलं ढोर खाल्लं की ते गिधाडाच्या मूत्रपिंडात उतरतं आणि युरिक आम्ल बाहेर पडेनासं होतं. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं. माणसांसाठीची मोठी कुपी जनावरांना वापरली जात होती, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या तशाच वेदनाशामकांवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. गोठ्यात विचारायचं ते एवढंच: ढोराला शेवटच्या आठवड्यात कोणतं इंजेक्शन दिलं? रिकामी कुपी मिळाली तर तिचा फोटो घ्या, कारण मालकाला औषधाचं नाव क्वचितच आठवतं. मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड असेल तर चालतं. दुसरं काही असेल किंवा माहीतच नसेल, तर ते ढोर उघड्यावर टाकू नये, पुरावं.

मेलेलं गिधाड सापडलं तर हात लावायच्या आधी वनखात्याला कळवा. १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे. खात्याची माणसं पोहोचेपर्यंत सावलीत झाकून ठेवावं आणि आसपासच्या कुत्र्यांना हाकलावं. शवविच्छेदनात यकृत-मूत्रपिंडावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला तर तो युरिक आम्लाचा. औषधाची तपासणी व्हायची तर याच दोन अवयवांचे तुकडे लगेच गोठवावे लागतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात एक दिवस गेला की मांस सडतं, आणि मग अहवालात फक्त "नमुना निकामी" एवढंच येतं.