पाणी भरलं की लाइट का घालवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी उपनगरात वीजवितरणाच्या कामात आहे हे कळलं की पावसाळ्यात प्रत्येक जण हेच विचारतो: "एवढं नियोजन करता, मग रस्त्यात पाणी भरलं की आमची लाइट का घालवता?"

कारण लाइट घालवणं हाच त्या नियोजनाचा भाग आहे. मीटर रूममध्ये पाणी चढतंय आणि पुरवठा चालू आहे, अशा वेळी त्या पाण्यातून जिन्याकडे जाणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. तिथे मी कुणाची परवानगी मागत बसणार नाही.

संकट प्रत्येक प्रदेशाचं वेगळं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणात विजेचे खांब आडवे झाले. तिथे तारा डोक्यावरून जातात, म्हणून भीती वाऱ्याची. मुंबईत बहुतेक केबल जमिनीखाली, म्हणून भीती पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांचे काही भाग पुढे कित्येक दिवस अंधारात होते. तेव्हापासून सबस्टेशनची जागा बघताना माझा पहिला प्रश्न असतो, इथे पाणी कुठवर चढलं होतं? ब्रेकर आणि रिंग मेन युनिट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी यंत्रणा, त्या खुणेच्या वर हवी. जोत्यासाठी जास्त खर्च झाला तरी चालेल.

दुसरी तयारी रिंगची. फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून वस्तीकडे वीज नेणाऱ्या केबलला, दोन्ही बाजूंनी वीज देता आली, तर बुडालेला तुकडा तेवढा तोडून बाकीच्यांची लाइट चालू ठेवता येते. अख्खा विभाग अंधारात गेला तर ती आमची उणीव, हे मी मान्य करतो.

शहराच्या पातळीवर याच विचाराला आयलँडिंग म्हणतात: बाहेरचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळलं की मुंबईने अलग होऊन ट्रॉम्बे, डहाणूच्या वीजकेंद्रांवर तग धरायचा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी बाहेरची वीज तुटली तेव्हा ते साधलं नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा वाढवायलाच हव्या होत्या. त्यातली खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची लाइन २०२३ मध्ये सुरू झाली.

"पाणी ओसरलं, आता लाइट का येत नाही?" हा पुढचा प्रश्न. ओल्या केबलला, पॅनेलला मेगर हे तपासणीचं यंत्र लावून इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर जाऊ न देणारं आवरण, शाबूत आहे का हे बघितल्याशिवाय वीज सोडली तर जागीच स्फोट होऊ शकतो. शिवाय रस्ते खोदताना दुखावलेला केबलचा जॉइंट नेमका पावसात दगा देतो, आणि तो शोधायला चिखलात पुन्हा खोदावं लागतं. त्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांवर ओरडू नका, एवढी कळकळीची विनंती.

आमचं सबस्टेशन उंचावर आणि तुमचे मीटर तळघरात, असं असेल तर लाइट जाणारच. मे महिन्यातल्या सोसायटीच्या सभेत मीटर वर नेण्याचा विषय घ्या. जागा बघायला मी येतो.