आमच्या हॉलमधला श्याम

मे 2025 मध्ये ‘श्यामची आई’ चित्रपटातला श्याम, माधव वझे गेले, वयाच्या 85व्या वर्षी. शाळेच्या स्मरणिकेसाठी काय लिहू म्हणून पेन चावत बसलो होतो, तो प्रश्न त्या बातमीने सोडवला.

1974 साली मी सातवीत होतो. चार-चार आणे वर्गणी काढून शाळेने ‘श्यामची आई’ आणला. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या, सतरंजीवर पुढे मुली, मागे आम्ही. रीळ दोनदा तुटलं. श्याम पोहायला जात नाही म्हणून आई त्याला झोडपते, तिथे हुंदके सुरू झाले. पहिला हुंदका मुलांच्या बाजूचा होता. मुद्दाम नोंदवतो, कारण वर्गातल्या मुली अजून मान्य करत नाहीत.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात तो प्रवेश बसवला आणि श्याम माझ्या वाट्याला आला. आई झालेल्या आठवीतल्या ताईने चिंचेचा फोक खराखुरा ओढला. पोटरीवरचा वळ आठवड्यात गेला, ‘श्याम’ हे नाव मात्र दहावी सुटेपर्यंत चिकटलं. फळ्यापाशी गणित अडलं की मागून आवाज यायचा, “श्याम, आईला बोलावू का?” वैताग नुसता!

तेव्हापासून पडद्यावरच्या श्यामचं पुढे काय झालं, याचं कुतूहल. 1953 साली अत्र्यांच्या त्या चित्रपटात, आई झालेल्या वनमालाबाईंसमोर, वझे जेमतेम तेरा वर्षांचे. चित्रपटाला पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक. माझा एका संध्याकाळचा श्याम मला चार वर्षं छळत होता. त्यांचा तर घराघरात पोचलेला. एवढ्या भांडवलावर दुसरा कुणी जन्मभर स्टुडिओच्या दारात ताटकळला असता. हे गृहस्थ पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाटकं बसवली, नाटकांवर लिहिलं. मला पडद्यावरच्या श्यामपेक्षा हा माणूस जास्त आवडतो.

2009 मध्ये ‘थ्री इडियट्स’ बघायला गेलो. त्यातल्या जॉय लोबो या विद्यार्थ्याला मूठमाती देतात, तिथे त्याचे वडील उभे. पांढरे केस, पडलेला चेहरा. वर्तमानपत्रातल्या फोटोंमुळे ओळखलं. सौ.ला कोपराने ढोसलं. (ती आपल्याच शाळेची, माझ्या मागच्या वर्गातली.)

“अगं, तो बघ, श्याम!”

“काहीतरीच,” ती म्हणाली. “श्याम तर तू.”