पेशंटला बाहेर बसवा

"पेशंटला जरा बाहेर बसवा," डॉक्टर म्हणाले. काका आपली फाईल दादाच्या हातात देऊन निमूट उठले.

स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. दादानं आधी हातच जोडले, "त्यांना सांगू नका, डॉक्टर. खचतील ते." डॉक्टरांनी लगेच मान हलवली. सुटलो बुवा, अशी. (निदान मला तरी तसं वाटलं.)

परतताना एसटीत काकांनी एवढंच विचारलं, "यंदा शेत बटाईनं देऊन टाकू का?"

कोणीच काही बोललं नाही. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

वाईट बातमी कशी सांगावी याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० सालापासून डॉक्टरांसमोर आहे. तिच्यातली एक पायरी मला फार आवडते: सांगण्याआधी पेशंटलाच विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? "काही नको," असंही तो म्हणू शकतो. पण ते त्यानं म्हणायचं. पुतण्यानं नाही, पुतणीनं तर नाहीच.

शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायची मुभा सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये दिली. पण आपल्याला काय झालंय हेच ठाऊक नसलेला माणूस त्या कागदावर लिहिणार तरी काय?