रविवारच्या सूचना

८ जूनला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं आणि हातात एक निळी वही ठेवली. वही अण्णांची. मी रविवारच्या शाळेत जायची तेव्हापासून आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सूचना अण्णाच वाचत आले. गुडघे चालेनासे झाले, मुलानं पुण्याला नेलं, वही इथंच राहिली. "आता तू वाच," पाळकसाहेब म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मराठीत वाचीन. कन्नडचं काय?" "शिकशील की," म्हणाले आणि दिवे बंद करायला गेले.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे काहीच वाटणार नाही. दानार्पणाच्या आधी पाच मिनिटं उभं राहायचं. बुधवारी कुणाच्या घरी प्रार्थनासभा, कोण दवाखान्यात, कुणाचं आभारार्पण, महिला मंडळ कधी, तरुण संघाचा गाण्याचा सराव किती वाजता. एवढंच. पण ज्याचं नाव त्या पाच मिनिटांत राहून जातं, त्याच्या दारात आठवडाभर कुणी येत नाही. हे मी चूक करून शिकले, म्हणून हा अनुभव लिहून ठेवते आहे.

आमची मंडळी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाची, आणि उपासना मराठी. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं. मराठी ख्रिस्ती लेखनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, बाबा पदमनजी, १८३१ साली याच गावात जन्मले. त्यामुळं इथं मराठीत प्रार्थना होणं ही फार जुनी गोष्ट आहे, आणि शेजारी कन्नड असणं तितकीच जुनी. आज आमच्या बाकांवर खानापूरकडचे शेतकरी आहेत, वडगावचे विणकर आहेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे आहेत, धारवाड आणि गोकाककडून आलेल्या सुना आहेत. म्हणून सूचना आधी मराठीत सविस्तर आणि मग कन्नडमध्ये थोडक्यात, अशी अण्णांनी पाडलेली रीत.

मी मराठी माध्यमातली. कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहिते, तिथं दिवसभर कन्नड बोलते. बाजारात, बसमध्ये अडत नाही. पण कागदावरचं कन्नड मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, आणि तेवढ्यात मंडळी चुळबूळ करायला लागते. यावर तोड निघाली ती शेजारच्या वैनींकडं. वैनी धारवाडच्या, लग्न होऊन आमच्यात आल्या. शनिवारी संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची. त्या भाकरी थापत कन्नड सांगायच्या आणि मी ते देवनागरीत उतरवून घ्यायची. पहिल्याच शनिवारी मी "एल्लरू बरबेकु" असं लिहिलं. वैनींचा हात थांबला. "असं नको गं. सगळ्यांनी यायलाच पाहिजे, असा हुकूम वाटतो. 'बरबेकेंदु केळिकोळ्ळुत्तेवे' म्हण. यावं अशी विनंती करतो." मी खोडून तसं लिहिलं, आणि मग मराठीतलंही वाक्य बदललं. तोपर्यंत मी मराठीतही हुकूमच लिहीत होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी माईकला ओठ लावून भराभर वाचलं आणि सुटल्यासारखी खाली बसले. उपासनेनंतर शेवटच्या बाकावरचे तात्या काठी टेकत आले. "वाचालीस ते मागं काय बी ऐकू येईना गं. अण्णा कसं, वेळ सांगून थांबायचे." त्यांनी रागानं सांगितलं नव्हतं. तात्यांना ऐकू कमी येतं, आणि आठवड्यात ते घराबाहेर पडतात ते याच सूचनांच्या भरवशावर. तेव्हापासून घर आणि वेळ मी दोनदा सांगते आणि तात्यांकडं बघते. त्यांनी मान हलवली की पुढं जाते.

रविवारी संध्याकाळी पुण्याहून अण्णांचा फोन यायचा. अजूनही येतो. "काय काय वाचलंस?" मी सगळं परत वाचून दाखवते. ते मध्येच विचारतात, "त्यांच्या मुलीचं बाळंतपण झालं काय? सूचना आली न्हाई ती." आणि मला कळतं की ती मी विचारायलाच हवी होती. सूचना आपण होऊन येत नाहीत. सुखाच्या येतात, दुःखाच्या लाजतात. अण्णा शनिवारी फिरून घरोघरी विचारायचे. मी ऑफिस सुटल्यावर फोन करते, आणि महिन्यातून एकदा तरी जमेल तिथं जाऊन येते.

ऑगस्टात माझ्याकडून ती चूक झाली. वडगावच्या एका मावशींच्या घरी त्यांच्या यजमानांच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा होती. मी वाचलं, "पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता." माझ्या मनात पाच दिवसांवरचा शुक्रवार. पण आपल्याकडं पाच दिवसांवरच्याला 'येता' म्हणणारे असतात आणि 'पुढचा' म्हणजे त्याच्या नंतरचा समजणारेही. कन्नडमध्ये मी ते 'मुंदिन शुक्रवार' असं उतरवलं, तोही घोटाळाच. त्या शुक्रवारी मी ऑफिसात अडकले आणि पोचायला उशीर झाला. बघते तर पाळकसाहेब धरून आठ माणसं. मावशींनी तीसजणांचा शिरा केला होता. सतरंजी अर्धी रिकामी, भिंतीवर काकांच्या फोटोला नवा हार.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. मावशी म्हणाल्या, "शिऱ्याचं काय न्हाई गं, वाटला गल्लीत. पण ह्यांना विसरली काय सगळी, असं वाटलं रात्रभर." मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, कुणी विसरलेलं नाही. त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांतलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात खरोखरच दोन कुटुंबं त्यांच्या दारात उभी राहिली, हातात बायबल आणि गीतांचं पुस्तक घेऊन. मावशींनी त्यांना आत घेतलं, चहा ठेवला आणि पुन्हा प्रार्थना झाली. मला हे कळलं तेव्हा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: वार, तारीख, वेळ, घर, घराची खूण. 'येता' आणि 'पुढचा' हे शब्द त्या दिवसापासून वहीत नाहीत.

ऑक्टोबरात एक लग्न होतं. लग्नाची पुकार, म्हणजे ठरलेलं लग्न मंडळीपुढं जाहीर करणं, तीन रविवार पाळकसाहेब स्वतः करतात. माझ्याकडं नोटीस बोर्डावर लावायचं काम. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ही नोटीस सर्वांना दिसेल अशा जागी लावावी असं आहे, म्हणून बोर्डावरचे जुने कागद काढून जागा केली. पुकार ऐकताना नवरीची आई प्रत्येक वेळी रडायची, तिन्ही रविवार.

मग हंगामाचा सण आला, ९ नोव्हेंबरला. याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं, उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, असा हा सण. खानापूरकडची माणसं भाताच्या लोंब्यांची पेंढी आणतात, पश्चिमेकडच्या गावांतून रताळ्यांची पोती येतात, गूळ, नारळ, भोपळे, कोंबड्या. पण शहरातली बरीच कुटुंबं त्या दिवशी बाजारातून नारळ विकत घेऊन येतात आणि जरा बाजूला उभी राहतात. दरवर्षी मला ते खटकायचं. या वर्षी सूचना माझ्या हातात होती. पाळकसाहेबांना विचारून मी तीन रविवार आधीपासून वाचत गेले: "ज्यांचं शेत नाही, त्यांनी आपल्या हातच्या कामातलं काही आणावं अशी विनंती."

काय येईल याची मला धाकधूक होती. सणाच्या सकाळी फाउंड्रीत काम करणारे एक भाऊ बिडाचा तवा घेऊन आले, स्वतः ओतलेला. वडगावच्या एका घरानं मागावरून नुकतीच उतरलेली साडी आणली, घडी न मोडलेली. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी लहान मुलींचे चार फ्रॉक आणले. दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या एक मावशी पाकीट घेऊन आल्या, त्यात एका दिवसाचा पगार. त्या मला म्हणाल्या, "माझं पीक हेच, बाळ." पाळकसाहेबांनी ते पाकीट भाताच्या पेंढीवरच ठेवलं.

लिलाव मराठी आणि कन्नडमध्ये एकदमच चालतो. कुणी "दोनशे" म्हणतं, कुणी "मुन्नूरु", म्हणजे तीनशे, आणि बोली वर जाते. एकच भोपळा घेणारा परत देतो आणि तो पुन्हा विकला जातो. यंदा तसा एक भोपळा चार वेळा विकला गेला. तवा तात्यांनी घेतला. एकटे राहतात, भाकरी स्वतः करतात. तवा ओतणारे भाऊ तो त्यांच्या घरी पोचवून आले, आणि तेव्हापासून दर शनिवारी त्यांच्याकडं डोकावतात. ही सूचना मात्र मी कधी वाचली नाही.

नाताळची तयारी आम्ही नोव्हेंबरातच धरली. डिसेंबरात इथं सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळा बंदोबस्त तिकडं लागतो, आणि परवानगीचे कागद अडकतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही दहाच्या आतलीच वेळ मागितली. पहिला अर्ज परत आला, कारण कॅरल, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी जाणारी आमची फेरी, कुठल्या कुठल्या गल्लीतून जाणार हे लिहिलं नव्हतं. दुसरा वैनींनी कन्नडमध्ये सुरेख अक्षरात लिहिला, गल्लीवार. चर्चच्या आवारातल्या कार्यक्रमाला परवानगी मिळाली, रस्त्यावर लाउडस्पीकर मिळाला नाही. मुलांची तोंडं उतरली. मला मनातून बरं वाटलं. ढोलकी, गिटार आणि माणसांचा गळा, एवढ्यावर घराच्या दारात गाणं होतं तेव्हा आतलं माणूस बाहेर येतं.

बेचाळीस घरं, पाच रात्री. यादी करणं हे सगळ्यात अवघड काम निघालं. कुणाच्या घरी वर्षाच्या आत मयत झालेली, तिथं गाणी नकोत, फक्त प्रार्थना. कुणाच्या घरी रुग्ण, तिथं साडेसातच्या आत जायचं. मच्छ्यातल्या एका घरी रात्रपाळी, म्हणून तिथं शेवटी न जाता पहिल्यांदा. हिंडलग्याच्या एका आजींनी सांगितलं, "कितीबी उशीर होऊ दे, पण या." त्यांच्याकडं आम्ही रात्री पावणेदहाला पोचलो. त्या दारात खुर्ची टाकून शाल पांघरून बसलेल्या होत्या.

३० नोव्हेंबरला, नाताळच्या आधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मी सगळा कार्यक्रम वाचला: चार रविवारच्या चार मेणबत्त्या कोणतं कुटुंब पेटवणार, १४ डिसेंबरला रविवारच्या शाळेचा कार्यक्रम, २४ ला रात्रीची आणि २५ ला सकाळी नवाची उपासना, ३१ ला वॉचनाईट, म्हणजे सरत्या वर्षाच्या रात्रीची उपासना, आणि ४ जानेवारीला, वर्षाच्या पहिल्या रविवारी, कराराची उपासना. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये ती सुरू केली, आणि आमच्याकडं त्या दिवशी सगळी मंडळी उभी राहून नव्यानं स्वतःला देवाच्या हाती देते. यंदा करार आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये म्हटला गेला. वैनी माझ्या शेजारी होत्या. कन्नडमध्ये म्हणताना त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

आता वहीत ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाची यादी चालू आहे. १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार. ६ मार्चला जागतिक प्रार्थना दिन, यंदाची उपासना नायजेरियातल्या स्त्रियांनी तयार केलेली, ती महिला मंडळाकडं. २९ मार्चला झावळ्यांचा रविवार, ३ एप्रिलला शुभ शुक्रवारची तीन तासांची उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांसाठी सात वक्ते हवेत, पाच मिळाले आहेत. ५ एप्रिलला पहाटे पुनरुत्थानाची उपासना. मधल्या बुधवार-शुक्रवारी घरोघरी प्रार्थनासभा, त्यांना अकरा घरं लागतात.

वडगावच्या मावशींनी आपण होऊन फोन केला. "शुक्रवार, २७ फेब्रुवारी, साडेसहा. लिहून घेतलंस काय?" मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ११ मार्चचा बुधवार वैनींनी मागितला आहे, आणि त्यांची एक विनंती आहे: त्या दिवशी गाणी, वाचन, प्रार्थना, सगळं कन्नडमध्ये व्हावं, धारवाडहून त्यांची आई येणार आहे. शास्त्रपाठ मी वाचायचा आहे. या वेळी देवनागरीत उतरवून नाही, कन्नड बायबलमधूनच. वैनी म्हणाल्या, शनिवारी वहीबरोबर चष्माही घेऊन ये.